एचबीए१सी तीन महिन्यांची साखर कशी सांगते? लाल रक्तपेशी आणि केंद्रक

सकाळची साखर एका दिवसाची, मग एचबीए१सी तीन महिन्यांची कशी? मधुमेहाचे अनेक रुग्ण हा प्रश्न विचारतात. याचं उत्तर लाल रक्तपेशीच्या रचनेत आहे. तिच्यात केंद्रक नसतं.

केंद्रक कशासाठी असतं?
जिवाणूंच्या पेशीत डीएनए वेगळ्या आवरणात नसतो. उत्क्रांतीत पुढे काही पेशींमध्ये डीएनएभोवती दुहेरी पडदा तयार झाला. हेच केंद्रक. पेशीला लागणारी प्रथिनं बनवण्याच्या सूचना त्यात जपलेल्या असतात. मासे, बेडूक आणि कोंबडी यांच्या लाल रक्तपेशींतही केंद्रक असतं. माणसासह सस्तन प्राण्यांच्या लाल पेशी मात्र अस्थिमज्जेत पक्व होताना ते बाहेर टाकतात.

फायदा आणि किंमत
केंद्रक गेल्यामुळे हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळते. पेशी लवचिकही होते आणि तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून दुमडून पुढे सरकते. पण सूचनाच नसल्यामुळे तिला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत, झीज भरून काढता येत नाही. म्हणून सुमारे १२० दिवसांनी शरीर तिला मोडीत काढतं.

रक्तातली साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि पेशी जिवंत असेपर्यंत तशीच राहते. साखर चिकटलेलं हे हिमोग्लोबिन म्हणजेच एचबीए१सी. त्यामुळे साधारण दोन ते तीन महिन्यांची सरासरी कळते. त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत जास्त असतो.

आकडा कधी फसवतो?
पेशीचं आयुष्य बदललं की हिशेब चुकतो.

- सिकल सेलसारख्या आजारात पेशी लवकर फुटतात किंवा बराच रक्तस्राव झालेला असतो, तेव्हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो.
- लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल तर तो जास्त दिसू शकतो.
- नुकतंच रक्त चढवलं असेल तर आकड्यावर विसंबू नये.

अशा वेळी ग्लुकोमीटरच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामाइन तपासणी उपयोगी पडते. फ्रुक्टोसामाइनवरून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो.

रिपोर्टवर ‘एनआरबीसी’ लिहिलं असेल तर?
याचा अर्थ, केंद्रक असलेल्या अपक्व लाल पेशी रक्तात आल्या आहेत. नवजात बाळात पहिल्या काही दिवसांत त्या थोड्या प्रमाणात दिसणं सामान्य आहे. मोठ्या माणसात मात्र तीव्र ॲनिमिया, गंभीर जंतुसंसर्ग किंवा अस्थिमज्जेचा आजार अशी कारणं असू शकतात. एवढ्यावरून निदान ठरत नाही, पण रिपोर्ट डॉक्टरांना लगेच दाखवा.

तुम्ही काय कराल?
घरची साखर आणि एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल, तर औषधाचा डोस स्वतः वाढवू किंवा कमी करू नका. घरच्या नोंदी, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणि अलीकडे रक्त चढवलं असल्यास ती माहिती घेऊन डॉक्टरांना भेटा. जास्त दिसणारा आकडा खरा मानून डोस वाढवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.