टोळी शांत आहे, हे कशावरून ठरवायचं?

२०२० साली कोव्हॅक्सिनची चाचणी २० ऱ्हीसस माकडांवर झाली, तेव्हा ही माकडं महाराष्ट्राच्या रानातून पकडून आणावी लागली. रानातल्या माकडाचं नेमकं वय, आईबाप, जुनी आजारपणं यांची कुठेच नोंद नसते. शिवाय पकडताना त्याची आणि त्याच्या टोळीची ताटातूट होते, ती वेगळीच. ज्यांची वंशावळ माहीत आहे अशा माकडांचे प्रजननगट हवेत, ते यासाठी. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने वसई तालुक्यात सासुनवघरला राष्ट्रीय प्राइमेट केंद्राचा प्रकल्प हाती घेतला, तोही याच गरजेतून. मात्र कुंपण घालून माकडं आत सोडली म्हणजे टोळी तयार होत नाही. ती टिकते की फुटते, यावर रोज डोळा ठेवावा लागतो. या कामाविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : भांडणं होत नाहीत, म्हणजे सगळं आलबेल आहे.

वस्तुस्थिती : किरकोळ चकमकी निरोगी टोळीतही रोज होतात. बघायचं असतं ते कोण कोणावर धावून गेलं हे. वरच्या दर्जाच्या माकडाने खालच्याला दटावणं नेहमीचं. खालची वरच्यांवर उलटू लागली की धोक्याची घंटा. आणखी एक खूण फार बोलकी आहे. मोठा नर नुसता जवळून जातो, त्याने काहीही केलेलं नसतं, आणि बसलेली मादी आवाज न करता ओठ मागे ओढून दात दाखवते. पाहणाऱ्याला ती हसते आहे किंवा चिडली आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ‘तुझा वरचष्मा मला मान्य आहे’ असं ती सांगत असते. हल्ला होत असताना दात दाखवणं म्हणजे तात्पुरती शरणागती. शांत वेळी दाखवलेले दात म्हणजे पक्का झालेला दर्जा. म्हणून निरीक्षक दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवतात.

गैरसमज २ : माकडांत बळी तो कान पिळी.

वस्तुस्थिती : ऱ्हीसस टोळीचा कणा माद्यांची घराणी असतात. मुलीचा दर्जा आईच्या लगेच खाली लागतो, आणि बहिणींमध्ये बहुधा धाकटी थोरलीच्या वर जाते. जपानी संशोधक कावामुरा यांनी जपानी माकडांत हा नियम १९५८ साली मांडला. वरच्या घराण्यातलं अर्धवट वयाचं पोरही खालच्या घराण्यातल्या पूर्ण वाढलेल्या मादीला खाण्यावरून उठवू शकतं, कारण त्याच्या पाठीशी आई, मावश्या, आजी उभ्या असतात. ही पाठराखण ढासळली की खालची घराणी एकजुटीने वरच्या घराण्यावर तुटून पडतात. बंदिस्त जागेत पळायला वाट नसते, त्यामुळे जखमी आणि मृत माकडांची संख्या पाहता पाहता वाढते. म्हणूनच प्रमुख मादीला साध्या उपचारासाठी बाहेर काढायचं, तरी आधी विचार करावा लागतो.

गैरसमज ३ : एकटं फिरणारं माकड टोळीने हाकललेलं असतं.

वस्तुस्थिती : देवनारच्या एखाद्या इमारतीच्या टाकीवर एकटंच माकड येऊन बसलं की लोक हळहळतात. असं माकड बहुतेकदा वयात आलेला नर असतो. चार-पाच वर्षांचे झाले की नर जन्माची टोळी सोडतात आणि दुसरी शोधतात. पिंजऱ्यात ही वाट बंद असते. मग तरणा नर आई-बहिणींच्या जोरावर तिथेच ठाण मांडतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या प्राइमेट केंद्रात अर्ध्या एकराच्या कुंपणांत मोठ्या टोळ्या राहतात. तिथल्या अभ्यासात अशा घरच्या नरांच्या युतीचा आणि वाढत्या आक्रमकतेचा संबंध दिसला. हे नर वेळेवर दुसऱ्या गटात हलवणं हा देखभालीचाच भाग आहे.

गैरसमज ४ : दांडगे नर बाजूला काढले की शांतता नांदते.

वस्तुस्थिती : कुठला नर काढता, यावर सगळं अवलंबून असतं. काही वरिष्ठ नर दुसऱ्यांच्या भांडणात कुणाचीही बाजू न घेता मध्ये पडतात. जेसिका फ्लॅक आणि सहकाऱ्यांनी डुक्करशेपट्या माकडांच्या गटातून असे नर थोड्या वेळापुरते बाजूला ठेवून पाहिले. हा अभ्यास २००६ साली ‘नेचर’मध्ये आला. नर नसताना भांडणं वाढली, शिवाय एकमेकांचे केस विंचरणं आणि खेळणंही आटलं. दुरून पाहणाऱ्याला जो गुंड वाटतो, तोच कधीकधी टोळीचा पंच असतो.

गैरसमज ५ : भांडणाचं मूळ गर्दीत आहे, जागा वाढवली की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती : जागा हवीच. लपायला आडोसे, पळायला दोन-तीन वाटा आणि खाण्याच्या अनेक जागाही हव्यात. पण गटात कोण कोण आहे, हे जागेइतकंच महत्त्वाचं ठरतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १९२५ साली ‘मंकी हिल’वर सुमारे शंभर हमाद्र्यास बबून ठेवले. त्यात जवळजवळ सगळे नर होते, आणि एकमेकांना अनोळखी. १९२७ साली त्यांत ३० माद्या सोडल्या. त्यांच्यासाठी नरांत जुंपली आणि बहुतेक माद्या त्यात मेल्या. हाच बबूनांचा स्वभाव, असा समज त्यातून पसरला. रानातल्या टोळ्यांच्या पुढच्या अभ्यासांनी तो खोडून काढला. चूक गट जुळवणाऱ्यांची होती.

गैरसमज ६ : सीसीटीव्ही आणि महिन्याची आरोग्य तपासणी पुरते.

वस्तुस्थिती : जखम दिसते तोवर टोळी आतून फुटलेली असते. अंगावर गोंदलेल्या क्रमांकावरून किंवा केसांवरच्या रंगखुणेवरून प्रत्येक माकड ओळखणारा माणूस लागतो. कोण कोणाला पाहून उठलं, कोणी कोणाचे केस विंचरले, भांडणात कोण मध्ये पडलं, हे तो ठरलेल्या वेळी टिपतो. त्यातून नात्यांचं जाळं मांडता येतं आणि त्यातला ताण आधी कळतो. १९३८ साली भारतातून ४०९ ऱ्हीसस माकडं पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर नेली. त्यांच्या वंशजांच्या नोंदी तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या जातात. म्हणूनच २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर ही माकडं एकमेकांना अधिक सामावून घेऊ लागली, हे संशोधकांना पुराव्यानिशी सांगता आलं.

भारताने १९७८ साली माकडांची निर्यात बंद केली. तेव्हा त्यांच्या हालांविषयीची आपली जबाबदारी आपण जगासमोर मान्य केली होती. देशातल्या पिंजऱ्यांनाही तीच कसोटी लावायला हवी. पाहणीला जाणाऱ्यांनी पिंजऱ्याचं माप आणि औषधांचा साठा बघून परतू नये. घराण्यांची आणि रोजच्या वर्तनाची नोंदवही मागून घ्यावी. जिथे ती नोंदवही नाही, त्या संस्थेला माकडांचं प्रजनन करण्याची परवानगी असू नये.