सालदाराचा हात आणि मालकाचें देणें

तापीच्या दक्षिणेस पसरलेला शिंदखेडा तालुका म्हणजे कापूस, ज्वारी आणि बाजरी यांचा मुलूख. सुरत-भुसावळ लोहमार्ग त्यांतून जातो आणि दोंडाईच्याची मिरची दूरवर ठाऊक आहे. या भागांतील कित्येक सुशिक्षित कुटुंबें नोकरीधंद्यानिमित्त धुळें, नाशिक, पुणें येथें जाऊन स्थायिक झालीं. परंतु गांवची जमीन अद्यापहि एकत्र कुटुंबाच्या नांवावर असते आणि ती सांभाळतो सालदार. सुगी संपली कीं धान्याचीं पोतीं घरीं येऊन पडतात. घरांतील बायका तें निवडतात, पाखडतात. पण तें ज्या हातांनीं पिकविलें त्या हातांचा विचार आपल्यापैकीं किती जणांच्या मनांत येतो?

तो हातच एके दिवशीं यंत्रांत गेला तर? मळणीयंत्र किंवा कडबा कापण्याचें यंत्र विजेच्या वेगानें फिरत असतें. पेंढी आंत सारतांना सदऱ्याची बाही अडकते आणि बटण बंद करावयास कोणी धांवण्याच्या आंत सगळें आटोपलेलें असतें. मळणीयंत्रावर इतके हात तुटूं लागले, कीं १९८३ सालीं केंद्र सरकारास धोक्याच्या यंत्रांसाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

अशा वेळीं बहुतेक मालक दवाखान्याचा खर्च देतात, वर पांचदहा हजार रुपये हातावर ठेवतात, आणि आपण मोठें पुण्य केलें अशा समाधानांत राहतात. त्यांच्या दयाळूपणाविषयीं शंका नाहीं. परंतु ज्याला आपण दान म्हणतों तें वस्तुतः देणें आहे, हें सांगण्यासाठींच हा लेख.

कामावर असतां मजुराला झालेल्या इजेची भरपाई मालकानें करावी, असा कायदा आपल्या देशांत १९२३ सालींच झाला. तो केवळ गिरणी-कारखान्यांपुरता राहिला नाहीं. ट्रॅक्टरनें किंवा विजेच्या यंत्रानें होणाऱ्या शेतीकामावरील मजूरहि त्याच्या यादींत आला. त्या कायद्याची जागा आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आहे. पण मूळ तत्त्व तेंच राहिलें आहे. मजुराची थोडी गफलत झाली, एवढ्या सबबीवर मालकाची सुटका होत नाहीं. खांद्याच्या सांध्यापासून हात गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ९० गेली असें धरतात. पंजा गेल्यास ६० आणि नुसता आंगठा गेल्यास ३०.

आंकड्यांनीं हें अधिक स्पष्ट होईल. समजा, सालदाराचें वय ३५ वर्षांचें आणि मासिक वेतन १०,००० रुपये आहे. वेतनाचे शेंकडा ६० म्हणजे ६,००० रुपये. त्या वयासाठीं ठरलेला गुणक १९७.०६. गुणाकार ११,८२,३६० रुपये होतो. पंजा गेला असेल तर त्याचे शेंकडा ६०, म्हणजे ७,०९,४१६ रुपये, हें त्याचें देणें. पांचदहा हजारांचें आपलें औदार्य या रकमेपुढें केवढें दिसतें, तें वाचकांनींच पाहावें.

कोष्टकांतील आंकडा हा शेवटचा शब्द आहे असेंहि नाहीं. ओरिसांतील एका सुताराचा डावा हात कामावरील अपघातामुळें कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हातानें सुतारकाम होत नाहीं. सबब त्याची कमाई सगळीच बुडाली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७५ सालीं दिला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेंहि त्याच निकालानें सांगितलें. कारकुनाचा एक हात जाणें आणि नांगर धरणाराचा जाणें यांत केवढें अंतर आहे, हें न्यायालयानें ओळखलें. तें घरच्या मालकास ओळखतां येऊं नये काय?

कोणी म्हणेल, सरकारच्या योजना आहेत ना? आहेत, पण त्यांचीं दारें नीट पाहिलीं पाहिजेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेंत एक हात निकामी झाल्यास एक लाख, दोन्ही गेल्यास दोन लाख रुपये मिळतात. परंतु ती योजना सातबाऱ्यावर नांव असलेला खातेदार व त्याच्या कुटुंबांतील आणखी एक व्यक्ति यांच्यासाठीं आहे. ज्याच्या नांवावर वीतभरहि जमीन नाहीं तो सालदार दाराबाहेरच राहतो! त्याच्यासाठीं उघडें असलेलें दार म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षास अवघे २० रुपये बँकेच्या खात्यांतून जातात, आणि एक हात कायमचा निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. १८ ते ७० वर्षें वयाच्या कोणासहि तो घेतां येतो. साल ठरवितांना पहिल्याच दिवशीं हे २० रुपये मालकानें भरले, तर तें कोणासच जड जाणार नाहीं.

अपघातानंतर लगेच पंचनामा करून घ्यावा आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवावा. सरकारी रुग्णालयांतून अपंगत्वाचा दाखला काढावा. तो शेंकडा ४० किंवा अधिक असला आणि उत्पन्नाची अट जुळली, तर संजय गांधी निराधार योजनेंतून मासिक अनुदान मिळतें. दिव्यांगांसाठीं तें ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झालें. भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आंत करावा लागतो, हें विसरूं नये. कृत्रिम हातासाठीं मुंबईस हाजी अलीजवळ १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन-संस्था आहे.

पैशानें सगळें भागत नाहीं, हेंहि खरें. नवऱ्याच्या सदऱ्याचें बटण लावून बायको दुसऱ्याच्या शेतांत निंदणीस जाते आणि थोरल्या मुलाची शाळा सुटते. घराचा मोडलेला हात प्रथम तेथें दिसतो. त्या मुलाची शाळा सुटूं न देणें आणि बापास राखण, पाणी, हिशेब अशीं एका हातानें होणारीं कामें देऊन त्याचा मान राखणें, हें मालकाच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं मनावर घेतल्यास सहज होईल.

यंदा गांवाहून धान्य आलें, म्हणजे भाव विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: यंत्रावर झांकण बसविलें आहे काय? आणि सालदाराचा विमा भरला आहे काय?