उंबरखिंड टेबलावर: दिवाळीचा किल्ला आणि लघुयुद्धखेळ

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी असून कोथळीगड, इर्शाळगड, माणिकगड यांसारखे किल्ले येथील गावांच्या रोजच्या नजरेतले आहेत. महाराष्ट्रात इतरत्र होते तसेच येथेही दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात दगडविटांचा ढीग रचतात, त्यावर गोणपाट टाकून चिखलाने लिंपतात, हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरतात आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे तटावर मांडतात. या किल्ल्याला मोजमापाचे बंधन नसते; सिंहासनावरचे शिवराय बुरुजाहून उंच असतात आणि पायथ्याचा वाघ तोफेहून मोठा निघतो. प्रमाण सुटले तरी हेतू साधतो, कारण तो स्मरणाचा आणि शोभेचा असतो. हीच रचना प्रमाणात केली, तर मात्र तिच्याकडून आणखी एक काम करून घेता येते: एखादी लढाई जशी झाली तशी का झाली, हे ती दाखवू शकते.

प्रमाणबद्ध प्रतिकृती मांडून ठरलेल्या नियमांनुसार लढाई खेळण्याच्या या छंदाला लघुयुद्धखेळ म्हणता येईल. त्याचे मूळ सैनिकी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये १:८००० प्रमाणाच्या नकाशावर ठोकळे सरकवून खेळायचा ‘क्रीग्सश्पील’ प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही पक्षांनी हुकूम द्यायचे, फासे टाकून नुकसान ठरवायचे आणि कोणाला काय दिसते याचा निर्णय पंचाने करायचा, अशी व्यवस्था होती. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांसाठी सोपे नियम मांडले आणि सैनिकी विद्येतील हा प्रकार घरगुती खेळांतही आला.

या छंदाची एक शाखा पहिल्या महायुद्धातील आरंभीच्या रणगाड्यांचे संच जोडण्याची आहे. संच म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले सुटे भाग; ते कातरून काढायचे, साच्याची उरलेली कड कानसेने घासायची आणि प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करणाऱ्या खास द्रवाने ते जोडायचे, असा क्रम असतो. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत प्रथम उतरलेला ब्रिटिशांचा ‘मार्क १’ हा समांतरभुज आकाराचा होता आणि त्याचे पट्टे संपूर्ण अंगाभोवती फिरत असत. त्याला वर फिरता बुरूज नव्हता. तोफा दोन्ही कुशींना बाहेर काढलेल्या चिलखती कोनाड्यांत बसवलेल्या होत्या. जोडणाऱ्याने हे कोनाडे आणि पट्टे नीट बसवताना त्या यंत्राचे प्रयोजनही समजून घ्यावे लागते, कारण खंदक, काटेरी तारा आणि तोफगोळ्यांनी उखणलेली जमीन ओलांडण्यासाठीच तो आकार घडवला गेला होता. सपाट टेबलावर ठेवलेला असा रणगाडा शोभेची वस्तू राहतो. पुढे खंदक कोरला की त्याच्या आकाराचा अर्थ लागतो. या खेळात शिपायांच्या रंगकामाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक मेहनत जमीन घडवण्यावर घेतली जाते ती याच कारणाने.

जमीन घडवताना पहिला प्रश्न प्रमाणाचा येतो. १:७२ हे या छंदातील एक प्रचलित प्रमाण आहे. त्यात १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस सुमारे २.३ सेंटिमीटरचा होतो, परंतु एक किलोमीटर अंतर दाखवायला जवळजवळ १४ मीटर जागा लागते, जी कोणत्याही घरात मिळणे कठीण आहे. म्हणून खेळाडू दोन प्रमाणे वापरतात: एक आकृत्यांचे आणि दुसरे, बरेच लहान, जमिनीचे. अशा मांडणीत एक आकृती म्हणजे एक माणूस असे समीकरण राहत नाही, तर ती एका तुकडीची खूण ठरते.

या पद्धतीने मांडण्यास अत्यंत योग्य अशी लढाई खालापूर तालुक्यातच झालेली आहे. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला असताना त्याने शिवाजी महाराजांच्या ताब्यातील उत्तर कोकण घेण्यासाठी कारतलबखान या सरदाराला धाडले, आणि त्याच्यासोबत माहूरच्या सावित्रीबाई देशमुख, म्हणजेच रायबागन, यांनाही पाठवले. हे सैन्य लोणावळ्याजवळील कुरवंडे घाटाने खाली उतरत असताना फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीच्या दाट रानात महाराजांच्या सैन्याने त्याला पुढून आणि मागून कोंडले. या प्रसंगाचे वर्णन कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आले असून चावणी गावाजवळ आज विजयाचे स्मारक उभे आहे.

ही जमीन टेबलावर आणण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०००० प्रमाणाच्या नकाशाचा आधार घेता येतो. त्यावरील समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. जमिनीचे प्रमाण १:२००० ठेवले, तर २० मीटरची उंची बरोबर एक सेंटिमीटर होते. त्यामुळे प्रत्येक समोच्चरेषेच्या आकाराचा एक सेंटिमीटर जाडीचा पुठ्ठा कापून थर एकावर एक चिकटवले की डोंगर आपोआप उभा राहतो. घाटमाथा आणि पायथा यांच्यातील सुमारे साडेपाचशे मीटरची उतरण २७-२८ सेंटिमीटरमध्ये बसते आणि चार किलोमीटर लांबीचा पट्टा दोन मीटरच्या टेबलावर मावतो. थरांच्या पायऱ्या कागदाच्या लगद्याने बुजवून त्यावर माती आणि रान चढवण्याचे काम दिवाळीचा किल्ला केलेल्या हातांना सहज जमणारे आहे.

त्यानंतर सैन्य मांडताना या लढाईचे मर्म स्पष्ट होते. अरुंद वाटेवर एकामागून एक चालणाऱ्या प्रत्येक घोडेस्वारासाठी चार मीटर जागा धरली, तरी केवळ एक हजार स्वारांची रांग चार किलोमीटर लांब होते, म्हणजे मोगलांची आघाडी टेबलाच्या एका टोकाला पोहोचते तेव्हा त्यांची पिछाडी दुसऱ्या टोकाला असते. अशा रांगेत संख्या जितकी अधिक तितकी अडचण मोठी, कारण पुढच्यांवर हल्ला झाल्यावर मागच्यांना त्यांच्यापर्यंत जाण्यास वाटच उरत नाही. खेळाचे नियम या वस्तुस्थितीला धरून करावे लागतात: घोडदळाने वाट सोडू नये, पायदळाला रानातून हळू का होईना पण हालचाल करता यावी, आणि मराठ्यांच्या तुकड्यांच्या जागा कागदावर लिहून पंचाकडे द्याव्यात, म्हणजे त्या मोगल पक्षाच्या खेळाडूला आधी दिसणार नाहीत.

जय-पराजय ठरवण्याचा नियम सर्वांत विचारपूर्वक करावा लागतो. बहुतेक युद्धखेळांत शत्रूच्या किती तुकड्या नष्ट झाल्या यावर गुण मिळतात. तोच नियम येथे लावला, तर मोगल खेळाडू अखेरपर्यंत झुंजत राहील आणि खेळ इतिहासापासून दूर जाईल. प्रत्यक्षात रायबागन यांच्या सल्ल्याने कारतलबखानाने शरणागती पत्करली, खंडणी देऊन सैन्यासाठी वाट मागितली आणि महाराजांनी ती दिली. त्यामुळे कोंडीत सापडलेले सैन्य किती प्रमाणात सुखरूप बाहेर पडले यालाही गुण देणे आणि तहाची बोलणी ही खेळातील एक वैध चाल मानणे आवश्यक ठरते. तसे केल्यास दोन्ही टोके बंद झालेल्या त्या वाटेवर मोगल पक्षाला उपलब्ध असलेली सर्वोत्तम चाल रायबागन यांनी सुचवलेलीच होती, हे खेळणाऱ्याला स्वतःच्या हिशेबाने पटते.