सराव असूनही धावताना कोसळणे : कारणे, पूर्वसूचना आणि पहिली काही मिनिटे

शनिशिंगणापूरच्या परिसरात पहाटे उसाच्या फडांमधील रस्त्यांवर पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. एका नोकरीवर साऱ्या घराची आशा अवलंबून असते. अशा कष्टाळू, निर्व्यसनी तरुणांपैकी एखादा परीक्षेच्या दिवशीच कोसळतो, तेव्हा “सराव तर भरपूर होता, मग असे का झाले?” हा प्रश्न कुटुंबीय विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर येथे देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीच्या ५ कि.मी. धावण्याच्या चाचणीदरम्यान अनेक उमेदवार कोसळले व किमान चौघांचा मृत्यू झाला. गावोगावाहून आलेल्या कित्येकांनी आदली रात्र रस्त्याकडेला काढली होती. पावसाळ्यापूर्वीचा दमट उकाडा होता. पुढे हे अंतर कमी करण्यात आले. अलीकडच्या भरतीत पोलीस शिपाई पदाच्या पुरुष उमेदवारांस १६०० मीटर धावावे लागते. तथापि २०२४ मध्ये झारखंडमधील भरतीत १० कि.मी. धावण्याच्या चाचणीच्या काळात दहाहून अधिक उमेदवार दगावले. सबब, अंतर कमी झाले म्हणून प्रश्न सुटला असे मानता येत नाही.

कारणे कोणती?

पहिले कारण हृदयाचे. नियमित सरावाने हृदय बळकट होते व एका ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलते. मात्र हृदयात मुळातच असलेला दोष सरावाने नाहीसा होत नाही. हृदयाचा स्नायू आनुवंशिकतेने जाड होण्याचा विकार सुमारे ५०० व्यक्तींमागे एकास आढळतो आणि आई किंवा वडिलांस तो असल्यास प्रत्येक अपत्यास येण्याची शक्यता निम्मी असते. रोहिणीची जन्मजात सदोष रचना, ठोक्यांच्या विद्युतप्रवाहातील बिघाड, तापानंतर हृदयस्नायूस आलेली सूज ही इतर कारणे. एरवी मूक राहणारा हा दोष अतिश्रमात प्रकट होतो व हृदयाची लय एकाएकी बिघडते.

दुसरे कारण उष्णतेचे. धावताना स्नायू प्रचंड उष्णता निर्माण करतात. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. शरीराचे आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मेंदूवर परिणाम होतो. मुलगा असंबद्ध बोलतो, अडखळतो, कोसळतो. अंगास घाम असतानाही उष्माघात होऊ शकतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. आपल्याकडे पहाटेच्या गारव्यात सराव करणारा उमेदवार मुंबईच्या दमट उन्हात धावतो, तेव्हा त्याचे पाय तयार असतात, शरीर तयार नसते. त्यात जागरण, उपाशीपोट व स्फूर्तिवर्धक औषधे यांची भर पडते.

पूर्वसूचना

धावताना छातीत दुखणे, धडधड होणे, दम अवाजवी लागणे, विशेषतः पळता पळता भोवळ येऊन पडणे ही लक्षणे ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नयेत. घराण्यात पन्नाशीच्या आत कोणाचा आकस्मिक मृत्यू झाला असल्यास डॉक्टरांस अवश्य सांगावे. अशा उमेदवाराची हृदयालेख (ईसीजी) व आवश्यक तर सोनोग्राफीने हृदयतपासणी (इको) करावी. या तपासण्यांतून प्रत्येक दोष सापडतोच असे नाही. म्हणूनच लक्षणे लपवू नयेत. ताप असताना वा नुकताच उतरला असताना धावू नये. भरती पुन्हा येते.

पहिली काही मिनिटे

हृदय बंद पडल्यावर माणूस क्षणभर झटके देतो, घरघरत श्वास घेतो. आपल्याकडे त्यास फिट समजून कांदा वा चप्पल हुंगवितात आणि मोलाचा वेळ दवडतात. हाक मारून प्रतिसाद नसेल व श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने तत्काळ छातीच्या मध्यभागी, मिनिटास १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. विजेचा झटका देणारे यंत्र मिळताच वापरावे. ते मिळण्यास लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची आशा घटते. १२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन भर सामन्यात कोसळला. मैदानावरच छातीवर दाब व झटका मिळाल्याने तो वाचला आणि शरीरात यंत्र बसवून २०२२ मध्ये पुन्हा खेळू लागला.

उष्माघातात मात्र आधी गारवा, मग प्रवास, हा क्रम पाळावा. कपडे सैल करून थंड पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत धरावे. ते शक्य नसेल तर अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. बेशुद्धास पाणी पाजू नये.

देणगीदार व विश्वस्त बंधू-भगिनींस आमची विनंती आहे की, महागड्या यंत्रसामग्रीइतकेच गावोगावच्या तालमी, शाळा व सराव मैदानांवरील प्रशिक्षणासही साहाय्य करावे. कोसळलेल्या मुलापर्यंत सर्वांत आधी डॉक्टर पोहोचत नाही, त्याच्या शेजारी धावणारा मित्र पोहोचतो. त्या मित्राचे हात शिकलेले असावेत, एवढीच आमची इच्छा आहे.