घरचं खाऊन खेळणारे

मागच्या वेळी आपण ‘लायकी’ आणि ‘हक्क’ या दोन शब्दांची फोड केली. आज त्यांना एका उदाहरणावर घासून बघू. उदाहरण जरा लांबचं आहे, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं. आपल्या कोल्हापुरात पेठापेठांतून चुरशीनं खेळतात तो फुटबॉल हा नव्हे. हा हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळायचा.

विद्यापीठाच्या संघात शिरायच्या दोन वाटा आहेत. एकीत प्रशिक्षक तुमच्या घरी येतो, आईवडिलांशी बोलतो आणि पूर्ण शिष्यवृत्ती देऊ करतो: फी, राहणं, जेवण, पुस्तकं. दुसरीत तुम्ही आपणहून जाता. याला म्हणतात ‘वॉक-ऑन’. सराव तोच, मार तोच, फी मात्र स्वतःची. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, दुसरं काय!

हे वॉक-ऑन बहुधा त्याच राज्यातले का असतात? कारण साधं आहे. सरकारी विद्यापीठं तिथं राज्यांची. रहिवाशाला फी कमी, परराज्यातल्याला ती अनेकदा दुप्पट-तिप्पट.

नेब्रास्का राज्य घ्या. लोकवस्ती वीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराहून कमी. वरच्या श्रेणीतला फुटबॉल संघ एकच. टॉम ऑस्बोर्न 1973 ते 1997 तिथं मुख्य प्रशिक्षक होते. त्याच काळात शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आली, आधी 105, मग 95, शेवटी 85. ऑस्बोर्ननी उरलेली फळी गावोगावच्या मुलांनी भरली. ब्रेनर्ड या खेड्यातला जोएल मॅकोविका असाच आला आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोचला. 1994, 1995 आणि 1997 अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं ऑस्बोर्नच्या संघांनी मिळवली.

आता प्रश्न असा, की शिष्यवृत्तीवर खरा हक्क कोणाचा? सभेत विचारलं तर नव्वद टक्के हात वॉक-ऑनसाठी वर जातील. कष्ट त्याचे, पैसा त्याचा. पण शिष्यवृत्ती हे केलेल्या कामाचं बक्षीस नसतंच मुळी. सतरा वर्षांच्या पोराबद्दल बांधलेला तो अंदाज असतो. अंदाज चुकतातही. जे. जे. वॉट विस्कॉन्सिनचा. त्याला शिष्यवृत्ती मिळाली ती शेजारच्या मिशिगन राज्यात. ती सोडून तो घरच्या विद्यापीठात वॉक-ऑन म्हणून आला, मध्यंतरी पिझ्झा पोचवायचं काम केलं, आणि पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, एकदा नव्हे, तीनदा.

तरीही वॉक-ऑनला लगेच संत करू नका. जॉन रॉल्सनं 1971 च्या आपल्या ग्रंथात एक अडचणीचा मुद्दा मांडलाय: कष्ट करायची तयारीसुद्धा घर आणि परिस्थिती यांतूनच घडते. बघा ना, फुकट खेळायला फी भरणारा बाप लागतो. ज्याच्या घरी तेवढंही नाही, त्याला शिष्यवृत्तीखेरीज दुसरं दारच नसतं. त्याच्या ताटातली भाकरी काढून घ्यायची का, हे मला विचाराल तर नाही. मात्र दोन वर्षं राबून ज्यानं संघात जागा मिळवली, त्याच्या बाबतीत अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. त्याचं काम समोर असतं. अशा मुलांना नंतर शिष्यवृत्ती देण्याची प्रथा आहे, आणि ती मला दयेची नव्हे, देण्याची बाब वाटते.

आता सगळा डावच बदललाय. जून 2025 मध्ये न्यायालयानं एक मोठी तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतात. शिष्यवृत्तीची 85 ची मर्यादा गेली, तिच्या जागी संघाचीच मर्यादा आली, 105. म्हणजे आत असलेल्या प्रत्येकाला पूर्ण शिष्यवृत्ती मिळू शकते! पण शंभरावर कितीतरी मुलं बाळगणाऱ्या संघांचं काय? न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी याच मुद्द्यावर तडजोड अडवून धरली होती. अखेर ज्यांची जागा जाणार होती, त्या मुलांना मर्यादेबाहेर ठेवायची मुभा विद्यापीठांना मिळाली. मुभा, सक्ती नव्हे. आणि तीही आजच्या मुलांपुरती. ब्रेनर्डच्या शाळेत आज सहावीत असलेला मुलगा त्या यादीत नाही. ज्याला अजून काही मिळालेलंच नाही, त्याचा हक्क गेला असं म्हणता येईल का? तुम्हाला काय वाटतं ते सांगा, मग पुढे जाऊ.