कॉर्व्हेटला स्पोर्ट्स कार करणारा इंजिनिअर

झोरा आर्कस-डंटोव्ह यांचा जन्म १९०९ मध्ये ब्रुसेल्सला, एका रशियन ज्यू कुटुंबात झाला. बालपण रशियात गेले, इंजिनिअरिंगचे शिक्षण बर्लिनमध्ये झाले. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर ते न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे त्यांनी भाऊ युरा यांच्यासह कारखाना काढला. फोर्डच्या व्ही-८ इंजिनाची ताकद वाढवणारे त्यांचे ‘आर्डन’ सिलिंडर हेड शर्यतवाल्यांत गाजले.

१९५३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात शेव्हरोले कॉर्व्हेट मांडली. डंटोव्ह तिच्या रूपावर लुब्ध झाले, पण आत सहा सिलिंडरचे साधे इंजिन आणि दोनच गतींचा ऑटोमॅटिक गिअर होता. त्यांनी कंपनीला पत्र लिहिले आणि मे महिन्यात तिथे नोकरीला लागले. डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण दिले. गाड्यांचे वेड असलेली तरुण पोरे फोर्डकडे वळतात. त्यांना वेगासाठी लागणारे सुटे भाग शेव्हरोलेनेच पुरवावेत, असा त्याचा आशय होता. कंपनीचे पुढचे धोरण या टिपणाच्या दिशेने गेले.

१९५५ मध्ये कॉर्व्हेटला व्ही-८ इंजिन मिळाले, तरी त्या वर्षी जेमतेम ७०० गाड्या तयार झाल्या. व्हॉल्व्हची उघडझाप ठरवणारा नवा कॅमशाफ्ट डंटोव्ह यांनी आखला आणि १९५६ च्या आरंभी डेटोनाच्या वाळूवर स्वतः गाडी ताशी १५० मैलांपलीकडे पळवली. १९५७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आले. त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र १९६३ च्या ‘स्टिंग रे’ कॉर्व्हेटमध्ये दिसते. तोवर मागची दोन्ही चाके एकाच ताठ अ‍ॅक्सलला जखडलेली असत. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही डळमळे. नव्या सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापले वरखाली होऊ लागले, आणि वळणावर गाडीची पकड सुधारली.

इंजिन चालकाच्या मागे असावे, म्हणजे वजन मागच्या चाकांवर येऊन ताकद रस्त्यावर नीट उतरेल, हा त्यांचा आग्रह होता. १९६० पासून त्यांनी तशा प्रायोगिक गाड्या बांधल्या. विक्रीसाठी मात्र कंपनीने मान्यता दिली नाही. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले, १९९६ मध्ये वारले. त्यांचा अस्थिकलश केंटकीतील कॉर्व्हेट संग्रहालयात आहे. इंजिन मागे असलेली, विक्रीसाठीची पहिली कॉर्व्हेट जुलै २०१९ मध्ये लोकांसमोर आली.