तिजोरीवरची सोळा माणसे

महापालिकेचा अर्थसंकल्प आयुक्तांचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मथळेही तसेच छापून येतात: आयुक्तांनी इतक्या कोटींचा अर्थसंकल्प मांडला, करवाढ टाळली, अमुक योजनेला तरतूद केली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ वाचला की चित्र वेगळे दिसते. आयुक्त मांडतात ते पुढच्या वर्षाच्या जमाखर्चाचे अंदाज. ते तपासून, हवे तिथे बदलून त्यांतून ‘अर्थसंकल्प अ’ तयार करण्याचे काम कायद्याने स्थायी समितीवर सोपवले आहे. परिवहनचा हिशेब वेगळा. तो परिवहन समितीकडून स्थायी समितीकडे येतो आणि ‘अर्थसंकल्प ब’ ठरतो. पुढे सर्वसाधारण सभा, चर्चा आणि ३१ मार्चच्या आत अंतिम मंजुरी. म्हणजे ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या अर्थसंकल्पाचे खरे कर्ते सभागृहाने निवडलेले सोळा नगरसेवक आहेत. दिल्लीत १९९३ पासून संसदेच्या विभागनिहाय स्थायी समित्या मंत्रालयांच्या अनुदान मागण्या तपासतात, अहवाल देतात, शिफारशी करतात. पण त्या मागणीतला एक रुपयाही स्वतः हलवू शकत नाहीत. ठाण्याची समिती तरतूद वाढवू शकते, कापू शकते, खोडून टाकू शकते. इतका अधिकार हाती असलेल्या या समितीकडे आपण मात्र केवळ टेंडर मंजूर करणारी समिती म्हणून पाहत आलो. तिचे मूळ काम वाचण्याचे आहे, आणि तेच सर्वांत कमी झाले आहे, असे मला वाटते.

या समितीचा जन्म कशातून झाला हे आज विशेष लक्षात घ्यायला हवे. मुंबईत १८६५च्या कायद्याने सगळा कारभार एका आयुक्ताच्या हाती आला. हा आयुक्त, आर्थर क्रॉफर्ड, धडाडीचा माणूस होता. त्याच्या नावाचे मार्केट अजून उभे आहे. पण त्याच्या खर्चाला लगाम घालणारे कोणी नव्हते. नगरपालिका कर्जात रुतली आणि १८७१ मध्ये करदात्यांनी बंड केले. त्या वेळी तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका फार महत्त्वाची आहे. आयुक्ताचे हात बांधू नका, कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असू द्या; मात्र त्याच्यावर लोकांनी निवडलेली सभा बसवा, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२च्या कायद्यात पैशांवर नजर ठेवणारी बारा जणांची टाउन कौन्सिल आली आणि १८८८च्या कायद्यात तिची स्थायी समिती झाली. १९४९चा कायदा याच घडणीचा. ठाणे महापालिका १९८२ साली आणि कल्याणची १९८३ साली स्थापन झाली, तेव्हा हा सांगाडा आयताच मिळाला. थोडक्यात, एकट्या अधिकाऱ्याच्या हाती तिजोरी दिल्यावर काय होते, हे एकदा भोगून झाल्यावर ही समिती निर्माण झाली.

आता प्रत्यक्ष पुस्तक उघडून पाहू. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे रकाने असतात: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी होते ती शेवटच्या रकान्याची. तपासणी मात्र पहिल्या तीन रकान्यांत असते. उदाहरणापुरते धरू, की शाळा इमारतींच्या दुरुस्तीपुढे प्रत्यक्ष खर्च ३ कोटी, मूळ अंदाज १० कोटी, सुधारित अंदाज ४ कोटी आणि पुढच्या वर्षासाठी १२ कोटी असे आकडे आहेत. भाषणात १२ कोटी येतील आणि शिक्षणाला प्राधान्य दिल्याचे समाधान व्यक्त होईल. पण त्या एका ओळीत चार प्रश्न दडलेले आहेत. दहा कोटी सांगून चारच का खर्च झाले? निविदा निघाली नाही, की ठेकेदार आला नाही, की पैसाच नव्हता? उरलेल्या सहा कोटींचे वर्गीकरण होऊन ते कुठल्या कामाकडे वळले, आणि त्याला मंजुरी कोणी दिली? आणि ज्या खात्याला दहा कोटी खर्चता आले नाहीत, त्याला बारा कशाच्या भरवशावर? हे प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पुस्तक आडवे वाचण्याची सवय लागते.

जमेच्या बाजूला हेच वाचन अधिक गरजेचे असते, कारण दुखण्याचे मूळ तिथे आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, शहर विकास विभागाकडून येणारे शुल्क यांचे अंदाज फुगवले की कागदावर तरतुदींना जागा होते. तरतूद झाली की कामाचे आदेश निघतात. वर्षअखेरीस अपेक्षित जमा होत नाही, पण काम झालेले असते आणि बिले लेखा विभागात थांबतात. या थकलेल्या बिलांना पालिकेच्या बोलीत दायित्व म्हणतात, आणि पुढच्या वर्षाच्या पैशांवर पहिला हक्क त्याचाच असतो. ठाण्याचा अर्थसंकल्प २०२४-२५ मध्ये ५,०२५ कोटींचा होता, तो २०२५-२६ मध्ये ५,६४५ कोटींवर गेला; कल्याण-डोंबिवलीचा त्याच वर्षी ३,३६१ कोटींचा होता. आकडा वाढला याचा आनंद मानण्याआधी त्यातले किती खरोखर जमा झाले आणि किती आधीच्या बिलांत जाणार आहेत, हे मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारावे लागते. एखाद्या लेखाशीर्षावर दिवसभर अडून बसायला सर्वसाधारण सभेत वेळ नसतो. सोळा जणांच्या समितीची रचनाच त्यासाठी आहे.

ही सोळा माणसेच मधली काही वर्षे नव्हती. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. आधी करोना, मग इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. तोवर आयुक्त हेच प्रशासक होते, आणि सभागृहाचे व स्थायी समितीचे सगळे अधिकार त्यांच्याकडे होते. आयुक्त म्हणून अंदाज मांडायचे आणि प्रशासक म्हणून ते मंजूर करायचे. तातडीच्या कामासाठी कलम ६७(३)(क) खाली आयुक्तांना खर्चाची मुभा आहे; अट एवढीच, की तसे स्थायी समितीला कळवायचे. ते कळवणेही स्वतःलाच. नगरसचिव आणि मुख्य लेखापरीक्षक या दोन पदांची नाळ कायद्याने सभागृहाशी आणि समितीशी जोडलेली आहे. लेखापरीक्षकाचा अहवाल समितीपुढे यायचा असतो. समितीच नसली की तो अहवाल ज्याचा खर्च तपासला त्याच्याच टेबलावर जातो. यात कुणा अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा प्रश्न नाही. प्रामाणिक माणसालाही आपल्याच अंदाजातली चूक दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात. कल्याण-डोंबिवलीचे २०२१-२२ ते २०२५-२६ असे सलग पाच अर्थसंकल्प त्या दुसऱ्या डोळ्यांशिवाय मंजूर झाले.

यावर पहिला आक्षेप येतो तो टक्केवारीचा. स्थायी समिती म्हणजे टक्केवारी, ती नव्हती तेच बरे होते, असे ठाण्यात आणि डोंबिवलीत अनेक सुजाण माणसे म्हणतात. हा आक्षेप हवेतला नाही. नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या ठेक्यांच्या टक्केवारीवरून नंदलाल समिती नेमावी लागली, आणि तिचे नाव अजून निघते. ठराविक रकमेवरचे प्रत्येक कंत्राट याच समितीपुढे येते, त्यामुळे मोह याच टेबलावर असतो. पण या आक्षेपाचे टोक कुठे जाते ते पाहावे. प्रशासकाच्या काळातही ठेके निघाले, वाढीव खर्चाला मंजुरी मिळाली. फरक इतकाच, की विरोध नोंदवणारे कोणी नव्हते. समितीत गोषवारा वाचला जातो, सूचक आणि अनुमोदक यांची नावे लागतात, एखाद्याचा विरोध इतिवृत्तात जातो आणि पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त कायम करावे लागते. नंदलाल समितीला चौकशी करता आली, कारण कोणत्या ठरावावर कोण बसले होते हे कागदावर होते. भ्रष्ट समितीवर उपाय म्हणजे उघड समिती. ती बंद केल्याने पैशाला पाय फुटायचे थांबत नाहीत, ते कुठे गेले याची नोंद तेवढी थांबते.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. १९९५ ते २०२० कल्याण-डोंबिवलीत लोकनियुक्त सभागृह होते, स्थायी समिती होती. तरीही आधारवाडीच्या कचऱ्याचा डोंगर वाढतच गेला, आणि घनकचऱ्याच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाला २०१५ मध्ये शहरातल्या नव्या बांधकामांना बंदी घालावी लागली. घनकचरा व्यवस्थापनाचे लेखाशीर्ष दर वर्षी याच समितीच्या हातून जात होते. मग तिने काय वाचले? याला सोपे उत्तर नाही. समितीचा वेळ विषयपत्रिकेवरच्या ठेक्यांत आणि आयत्या वेळच्या विषयांत गेला, अर्थसंकल्पाच्या वेळी प्रत्येकाने आपल्या प्रभागासाठी निधी मागितला, आणि सगळ्या शहराच्या कचऱ्याचा रकाना कुणाच्याच प्रभागात नव्हता. ही या यंत्रणेची खरी दुर्बलता. अखेर पालिकेला जाग आणण्याचे काम न्यायालयाने केले, ते बांधकामबंदीचे हत्यार उगारून आणि पुष्कळ उशिरा. समितीला तेच काम तरतूद रोखून कित्येक वर्षे आधी करता आले असते. अधिकार कमी नव्हता, तो वापरला गेला नाही.

हा अधिकार वापरू देणारी व्यवस्थाही समितीला मिळालेली नाही. समितीतले आठ सदस्य दर वर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणी जायचे ते चिठ्ठ्या काढून ठरते. सभापतीची मुदत एक वर्षाची. एखाद्या सदस्याला लेखाशीर्षे कळू लागतात, तोच त्याची चिठ्ठी निघते आणि पक्ष ती जागा दुसऱ्याच्या समाधानासाठी वापरतो. ठाण्यात २०१७च्या निवडणुकीनंतर पक्षीय बलाबलाच्या वादात समितीच बराच काळ अडकून पडली. समितीला स्वतःचा अभ्यासक नाही, संशोधन कक्ष नाही. ज्या विभागाची तपासणी करायची त्याच विभागाने लिहिलेला गोषवारा तिच्यापुढे येतो.

त्याहून मोठी अडचण अशी, की शहरावर होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग आता या पुस्तकातच नसतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत आले आणि दोन्हीकडे त्यासाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या. कल्याण स्थानक परिसराचा प्रकल्प अशाच कंपनीकडे गेला. मेट्रो, ठाणे-बोरिवली जुळा बोगदा ही कामे एमएमआरडीएची. जकात गेली, एलबीटी गेला, २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईचे अनुदान राज्याकडून येते, आणि रस्ते व सुशोभीकरण यांसाठी शासनाचा विशेष निधी येतो. तो निधी ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्चावा लागतो. समितीने मान डोलावली काय नि नाही काय, फरक पडत नाही. पण बांधलेल्या वास्तूची देखभाल, वीजबिल, सुरक्षारक्षक हा भार मात्र पालिकेच्या महसुली बाजूवर येऊन पडतो, आणि तो पुस्तकात दिसतो.

म्हणून नव्या सभागृहांच्या समित्यांनी शेवटच्या रकान्याआधी मागचे रकाने मागावेत. प्रशासकाच्या काळातले मुख्य लेखापरीक्षकांचे अहवाल, वर्गीकरणाचे आदेश, ६७(३)(क) खाली झालेल्या कामांची यादी आणि ३१ मार्चचे दायित्व, लेखाशीर्षनिहाय. हे सगळे कागद पालिकेतच आहेत, आणि ते विषयपत्रिकेवर घ्यायला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. इतिवृत्ते संकेतस्थळावर टाकायलाही नाही.